कुंडी उचलायची नाही

१६ सप्टेंबर, मंगळवार

परत पाऊस. सकाळी नर्सरीत गेले तर शेवंतीच्या मागच्या रांगा काठोकाठ भरलेल्या. राधाबाई आणि मी एकेक कुंडी आडवी करून पाणी काढलं, बुडाची भोकं काडीनं मोकळी केली. बरीच रोपं खालून काळी पडलीत. वाचलेली दिवाळीला फुलावर आली तर आली.

शेखर औशाला गेले, झेंडूवाल्याकडं. तिकडं दसऱ्याचा झेंडू पाण्यात उभा आहे म्हणे.

दुपारी वाकता वाकता डोळ्यांपुढं अंधार. राधाबाईनं धरून खताच्या पोत्यावर बसवलं. "पित्त हाय वैनी. उपाशी काम करून राहिल्या तुमी." उपाशी नव्हते. खाल्लेलं उलटून पडलं होतं, ते सांगितलं नाही.

पाळी जूननंतर नाही. चव्वेचाळिसावं लागलंय, आता बंदच व्हायची. जाऊबाईंनाही असंच झालं होतं, गरगरणं, मळमळ, चिडचिड. एक पीडा गेली म्हणायचं.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

ऊन पडलं एकदाचं. शेवंतीच्या बाजूच्या कळ्या काढायला सुरुवात केली. मधली एक ठेवायची, बाकी नखानं खुडायच्या. हे काम मला मनापासून आवडतं. कुणाशी बोलावं लागत नाही.

मोठी ऑर्डर आली. इथल्या एका कोचिंग क्लासला दिवाळीत सगळ्या सरांना एकेक कुंडी द्यायचीय, कागद गुंडाळून, रिबीन लावून. नांदेडच्या शोरूमला दसऱ्यासाठी झेंडूच्या कुंड्या पाहिजेत. शेखर खूश. नांदेडला कुंड्या घेऊन गेलं की अंकितालाही भेटता येईल. बी. फार्मचं शेवटचं वर्ष, हॉस्टेलवर आहे.

तिचाच फोन आला संध्याकाळी. ओंकारच्या घरचे साखरपुडा दिवाळीनंतर करू म्हणताहेत. लेक माझी फोनवर लाजून बोलत होती. आवाजावरून कळतं. स्थळ चांगलं मिळालं. मूळ भोकरचे, आता नांदेडला घर. ओंकारची आई फार मायाळू बाई, मला पहिल्या भेटीपासून विहीणबाईच म्हणते.

२२ सप्टेंबर, सोमवार. घट बसले.

सासूबाईंनी, म्हणजे अव्वांनी, पूजेला बसताना माझ्याकडं वरून खाली पाहिलं. "सुरेखा, सुजलीस का ग?" जुना ब्लाउज दंडात आणि पोटावर आवळतोय. पित्ताच्या गोळ्यांनी काही होईना. आपले नेहमीचे डॉक्टर म्हणाले, गर्भाशयात गाठ असेल, या वयात होतात, सोनोग्राफी करून घ्या. शेखरना बोलले नाही. दसरा होऊ दे असं म्हटलं असतं त्यांनी, किंवा घाबरले असते. दोन्ही नको.

२४ सप्टेंबर, बुधवार

काही लिहिता येत नाही.

२५ सप्टेंबर, गुरुवार

काल सोनोग्राफीला एकटी गेले. पोरगेली डॉक्टर. पोटावरून ते यंत्र फिरवता फिरवता थांबली. म्हणाली, "काकू, गाठ नाहीये. बाळ आहे."

मी विचारलं, "कुणाचं?"

खरंच असं विचारलं. तिला वाटलं मी थट्टा केली, ती हसली. मग माझा चेहरा बघून हसायची थांबली. पडदा माझ्याकडं वळवला. चौथा महिना लागलाय म्हणाली. डोकं दिसलं. हात दिसला. तिनं ठोके ऐकवले. मी म्हटलं, बंद करा.

बाहेर आले तर चपला सापडेनात. पायातच होत्या.

घरी गेले नाही. नर्सरीत जाऊन कळ्या खुडत बसले. राधाबाई ओरडली, "वैनी, काय करून राहिल्या!" पाहिलं तर एका अख्ख्या ओळीच्या मधल्या कळ्या खुडल्या होत्या, बाजूच्या ठेवल्या होत्या. पोसायच्या त्याच मातीत पडलेल्या. आता त्या ओळीला बारकी बारकी फुलं येणार. मातीतल्या कळ्या गोळा करून पदरात घेतल्या. कशाला घेतल्या काय माहीत.

दवाखान्यातली नर्स आमच्या मागच्या गल्लीतली आहे. दारातून निघताना माझ्याकडं पाहून मान हलवली तिनं. कशासाठी हलवली?

मला चव्वेचाळिसावं. लेकीचं लग्न ठरलंय.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

शेखरना सांगितलं. शेडमध्ये कुंड्यांना गेरू लावत होते. मी तशीच उभी राहून बोलून टाकलं. ते त्याच कुंडीवर ब्रश फिरवत राहिले. एकदा, दोनदा, गेरू ओघळून बोटांवर आला.

"डॉक्टरची चूक असंल."

"मी बघितलंय."

"काय बघितलं?"

"हात."

मग खाली बसले, मातीतच. तोंडावर हात घेतले, सगळा चेहरा लाल. हसले की रडले कळेना. मग म्हणाले, "अंकिताला काय सांगायचं?"

अंकितानंतर किती वर्षं घालवली आम्ही. एक पाचव्यात गेलं. मग हैदराबादचे डॉक्टर, मग इंजेक्शनं, मग नवस, मग लोकांच्या बारशाला जायचं बंद केलं. शेवटी मीच म्हटलं, पुरे. मला काहीतरी काम द्या. तेव्हा ही जागा घेतली, पहिली शेवंतीची कटिंगं लावली. ते सगळं विसरून गेले होते. विसरले होते म्हणजे, मांडून ठेवलं होतं एका बाजूला.

आणि आता हे. कुणी मागितलं होतं आता?

२७ सप्टेंबर, शनिवार

पाऊस. आज आम्ही दोघं दिवसभर फक्त झेंडूबद्दल बोललो.

२९ सप्टेंबर, सोमवार

लातुरात कुठं दाखवायचं नाही असं ठरलं. नांदेडच्या एका डॉक्टरीणबाईंचं नाव कुणीतरी शेखरना सांगितलं. टेम्पोत शोरूमच्या कुंड्या होत्याच, त्याच्यातच पुढं बसून गेलो. शोरूमच्या पायऱ्यांवर कुंड्या लावल्या, पिवळ्या एका बाजूला, केशरी एका बाजूला. मालकानं फोटो काढले.

दवाखाना गच्च. कोपऱ्यातली खुर्ची धरली, पदर डोक्यावरून घेतला. शेखर टेम्पो लावायला गेलेले. समोरून आवाज आला, "अगं बाई! विहीणबाई, तुम्ही इथं?"

ओंकारची आई. सोबत त्यांची मोठी सून, प्रीती.

इतक्या मोठ्या नांदेडात. मला वाटलं, खुर्चीसकट खाली जावं.

"कामून आल्या? बरं न्हाई का?"

आणि मी म्हणाले, "गाठ आहे."

त्यांचा चेहरा उतरला. हात धरला माझा. "कसली गाठ? तपासायला दिली का? लातूरला न्हाई का दाखवलं?" मी काय काय बोलले आठवत नाही. एक खोटं बोलले की पुढचं आपोआप येतं. प्रीती मांडीवरची फाईल चाळत होती. तिचा नंबर आला, दोघी आत गेल्या. जाताना ओंकारची आई म्हणाली, "काळजी करू नका. देव हाय."

डॉ. बाई स्पष्ट बोलणाऱ्या. वयाचं, धोक्याचं सांगितलं, पाचव्यात गेलेल्याचं विचारलं. ठेवायचं असेल तर तपासण्या, पुढच्या महिन्यात इथंच बारकाईनं सोनोग्राफी. नको असेल तर लवकर सांगा, उशीर करून चालत नाही. "तुम्हाला काय हवंय?" मला विचारलं. मी शेखरकडं पाहिलं. डॉ. बाई म्हणाल्या, "त्यांच्याकडं बघू नका."

शेवटी विचारलं, काम काय करता? नर्सरी म्हटल्यावर म्हणाल्या, कुंडी उचलायची नाही. एकही.

तिथून दहा मिनिटांवर अंकिताचं हॉस्टेल. गेलो नाही. टेम्पो तसाच लातूरकडं वळवला.

३० सप्टेंबर, मंगळवार

दुपारी फाटकापाशी रिक्षा थांबली. अंकिता. डोळे सुजलेले, ओढणी खांद्यावरून लोंबत होती, बॅगही आणली नव्हती. पळत आली आणि माझ्या गळ्यात पडून हंबरडाच फोडला.

ओंकारच्या आईनं तिला काल फोन केला होता. तुझ्या मम्मीला गाठ आहे, तुला सांगितलं नसंल, घाबरू नको, आम्ही आहोत. आणि ही कॅन्सर समजून पहिल्या बसनं.

"मम्मी, कुठली स्टेज आहे? मला लपवून ठेवता तुम्ही?"

राधाबाई पाण्याची झारी हातात धरून बघत होती. मी अंकिताला शेडमध्ये नेलं. म्हटलं, गाठ नाही ग. खोटं बोलले मी. मला दिवस गेलेत.

ती रडायची थांबली. तोंड उघडंच. मग हसली, मोठ्यानं, सुटल्यासारखी. मला मिठी मारली परत. "म्हणजे तू मरत न्हाईस ना?" नाही ग बाई.

आणि मग मिठीतच तिचे हात सैल झाले. सरकून मागं झाली. माझ्या पोटाकडं पाहिलं.

"मम्मी, माझं लग्न हाय."

"हो."

"माझ्या लग्नात तू..." खत मोजायचा डबा उगाच उचलला, खाली ठेवला. "तुम्हाला काही..." तेही अर्धंच. माझी लाज मला वाटावी तेवढी तिलाच वाटत होती. पोरीनं आईबापाबद्दल जे कधी मनात आणू नये ते मीच तिच्यापुढं ठेवलं.

१ ऑक्टोबर, बुधवार

अव्वांना कळलं. त्यांना कमी ऐकू येतं असं आपण समजतो. काल अंकिता स्वयंपाकघरात बापाशी भांडली, ते त्यांनी सगळं ऐकलं. सकाळपासून माझ्याशी एक शब्द नाही. दिवसभर अंगणात बसून झेंडू ओवला, आंब्याची पानं मधे मधे घालून. अंकिता बाजूला. दोघी सुया चालवत होत्या, माझ्याकडं बघत नव्हत्या.

संध्याकाळी मी पाण्याची घागर उचलायला वाकले तर अव्वांनी काठी आडवी घातली.

"ठेव म्हणत न्हाई, काढ म्हणत न्हाई. तुझं तू बघ. घागर मात्र उचलू नको."

आत जाऊन खूप रडले.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा.

स्टॉल पहाटेपासून. झेंडू निम्माच आला औशाहून, तोही ओला. ओली फुलं खाली, कोरडी वर ठेवू नका, मी राजीनं गिऱ्हाईक घालवीन पण ओलं फूल लपवून देणार नाही, असं शेखरना बजावून दोन ढीग वेगळे केले. लोकांनी ओलेही नेले. सण आहे, काय करतील.

मला स्टुलावर बसवलेलं. कुणी कुंडी मागितली की शेखर पळतात, नाहीतर राधाबाई. ओळखीच्या एक मॅडम म्हणाल्या, "सुरेखाताई, आज महाराणी झाल्यात अगदी!" हसले. पदर पुढं ओढून घेतला.

अंकिता गल्ल्याशेजारी उभी, तोरणं देत होती. मला काही विचारायचं असेल तर राधाबाईला विचारायची. "राधामावशी, मोठं तोरण कुठं ठेवलं विचारा." मी तिथंच, हाताच्या अंतरावर. राधाबाई बिचारी एकदा तिच्याकडं बघायची, एकदा माझ्याकडं. तिला अजून कुणी सांगितलेलं नाही.

दुपारच्या गाडीनं अंकिता गेली. आपट्याची पानं अव्वांच्या हातात दिली, बापाच्या हातात दिली. माझी पानं स्टुलाच्या कडेला ठेवून गेली.

७ ऑक्टोबर, मंगळवार

अंकिताचा फोन नाही. ओंकारच्या आईचा आला.

"कसं हाय आता? ऑपरेशन कधी?" भोकरकडं एक वैद्य आहेत म्हणाल्या, गाठीवर औषध देतात, मी आणून ठेवते. मी म्हटलं नको नको. आणि मग म्हणाल्या, "मी तुमच्यासाठी सोमवार धरलेत. काल पहिला केला. बऱ्या झाल्या की आपण दोघी मिळून सोडू."

ती बाई माझ्यासाठी उपाशी राहते. माझ्या थापेसाठी.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

शेवंतीला रंग दिसायला लागला. पांढरी थोडी मागं आहे, पिवळी वेळेवर. मधल्या कळ्या खुडलेली ओळसुद्धा भरलीय, गुच्छांनी. फुलं बारीक, पण भरपूर. शेखर म्हणाले ही दारात ठेवायला बरी. मी म्हटलं तिच्यावरून काही बोलू नका.

कागद कापले आज. हिरवे, जांभळे. कोचिंगच्या कुंड्यांना गुंडाळून बघितले. कागद कुंडीच्या वर दोन बोटं आला की रोप नटल्यासारखं दिसतं, त्याहून वर आला की गुदमरतं.

कापता कापता विचारलं, "तुम्हाला काय वाटतं, एकदा सांगून टाका."

शेखरनी कात्री ठेवली. "मला पाहिजे," म्हणाले. लगेच म्हणाले, "पण मला विचारू नको. माझं काय जातं? जीव तुझा लागणार."

इतकी वर्षं सोबत काढली. हा माणूस मला पाहिजे असं एखाद्या गोष्टीला कधी म्हणाला नव्हता. गाडी घेतानासुद्धा बघू म्हणाला होता. माझा कागद वाकडाच कापला गेला. मग रागच आला. आता मी नको म्हटलं तर?

मला काय पाहिजे? विचारलं की आतून नुसता आवाज येतो, त्या यंत्रावर ऐकू आला तसा. मी बंद करा म्हटलं होतं तो.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

पायऱ्या मांडत होतो, लाकडी, दुकानासमोर. खाली झेंडू, मधे शेवंती, वर तुळशी. मी लांब उभी राहून सांगत होते, ती थोडी डावीकडं, ती मागं. हात वर करून दाखवत होते आणि पोटात आतून बोट लागल्यासारखं झालं.

हात वरच राहिला.

परत.

राधाबाई विचारत होती, "कुठली, ही का ती? वैनी, कुठली?" अंकिताच्या वेळचं सगळं एकदम आठवलं, तेव्हाचं घर, तेव्हाची खाट. आनंद झाला असं लिहिणार नाही. घाबरलेच. कुणीतरी आहे. मी इतके दिवस भानगड, भानगड म्हणत होते मनात, आणि आत कुणीतरी आहे.

राधाबाईला तिथंच सांगितलं. ती कुंडी हातात घेऊन खाली बसली. "आवो वैनी! अन् म्या पित्त म्हनून लिंबू पाजून राहिले की!"

डॉ. बाईंना फोन करून पुढच्या सोनोग्राफीची वेळ घेतली. नको म्हणून सांगायला फोन लावला होता की हो म्हणून, लावताना माहीत नव्हतं.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

नांदेडच्या शोरूमला दिवाळीच्या कुंड्या द्यायच्या होत्या. दोन चांगल्या शेवंत्या बाजूला काढून ओंकारच्या घरी गेले. शेखरना टेम्पोत बसून राहा म्हटलं. त्यांनी कुंड्या दारात आणून ठेवल्या आणि गेले.

ओंकारची आई पळत आली. आत नेलं, लोडाला टेकवलं. "रिपोर्ट आला?"

"आला. गाठ नाही."

त्यांनी डोळे मिटले, देव्हाऱ्याकडं हात जोडले. डोळ्यांतून पाणी. "मी म्हटलं होतं! मी म्हटलं होतं की न्हाई!"

"गाठ नव्हतीच. मी तुमच्याशी खोटं बोलले. मला दिवस गेलेत."

त्या हात जोडलेल्या तशाच राहिल्या. मग हात खाली आले. माझ्यापासून थोड्या मागं सरकल्या.

"काय म्हणता?"

परत सांगितलं. कधी कळलं, कसं कळलं. दवाखान्यात तुम्ही दिसल्या, लाज वाटली, तोंडाला आलं ते बोलले.

"अन् मी उपास करून राहिले."

"हो."

"घरात सगळ्यांना सांगितलं मी. यांना, दिराला, भोकरच्या नणंदेला. विहीणबाईला गाठ हाय म्हणून." त्यांना राग येत होता आणि येऊही देता येत नव्हता, असं त्यांच्या चेहऱ्यावर. "अन् आता काय सांगू? विहीणबाई बाळंत होणार हाय? लग्नात?"

"सांगू नका वाटलं तर. पण तुम्हाला दुसऱ्याकडून कळू नये म्हणून आले."

तेवढ्यात पाहिलं, प्रीती दारात. चहाचा ट्रे घेऊन. किती ऐकलं कुणास ठाऊक. सगळंच ऐकलं असणार. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या दिवशी त्या दोघी तिथं कशाला आल्या होत्या ते मी एकदाही विचारलं नव्हतं. स्वतःच्याच विचारात होते. लग्नाला पाच वर्षं झाली तिच्या.

मी उठायला लागले. मला ठाऊक आहे ना ते. बारशाची आमंत्रणं फाडून टाकणारी बाई मीच होते.

प्रीतीनं ट्रे ठेवला. माझ्याकडं नाही, कपांकडं बघत विचारलं, "काकू, हालतं का आता?"

"हो. परवापासून."

"कसं लागतं?"

काय सांगावं? म्हटलं, "बोट लावल्यासारखं."

तिनं मान हलवली. सासूबाईंना म्हणाली, "आई, चहा निवंल." आणि आत गेली. तिनं दार लोटलं, आपटलं नाही.

ओंकारच्या आईनं दारापर्यंत सोडलं. कुंड्या दारातच होत्या. म्हणाल्या, "आत्ता मला काही विचारू नका. घरात बोलावं लागंल. काय होईल सांगता येत न्हाई." मला ‘विहीणबाई’ म्हणाल्या नाहीत.

टेम्पोत बसले. शेखरनी गाडी सुरू केली.

१८ ऑक्टोबर, शनिवार. धनत्रयोदशी.

स्टॉलवर श्वास घ्यायला जागा नाही. पिवळी शेवंती सगळ्यांना पाहिजे. कोचिंगच्या कुंड्या गेल्या, जांभळ्या कागदात, फार देखण्या दिसत होत्या. मागच्या गल्लीतली नर्स आली. तुळस घेतली. हळूच म्हणाली, "ताई, मी कुणाला बोलले नाही." मला एवढा धक्का बसला की तिला धन्यवाद म्हणायचं राहिलं. इतके दिवस मी तिला मनात शिव्या देत होते.

१९ ऑक्टोबर, रविवार

अंकिता आली दिवाळीला. बॅग ठेवली आणि सरळ माझ्यापुढं उभी राहिली. बोलली एकदाची.

"मला न विचारता तिकडं जाऊन सांगितलंस?"

"सांगायलाच पाहिजे होतं."

"तुझं खोटं तू सांगितलं. पण लग्न माझं होतं ना? मला एक फोन? ओंकारला त्याच्या आईकडून कळलं. तो मला म्हणतो तुला माहीत होतं, तू पण लपवलं. परवापासून फोन उचलत न्हाई."

याचा मी विचारच केला नव्हता. खरं बोलून आले म्हणून दोन दिवस हलकी झाले होते मी. ते सगळं ओझं हिच्या डोक्यावर टाकून आले होते.

"चुकलं ग."

"हं," म्हणाली, आणि बाहेर जाऊन कुंड्यांना पाणी घालायला लागली. वरून घालत होती, फुलांवर. फुलं काळी पडतात त्यानं. मग तिचं तिलाच लक्षात आलं, झारी खाली धरली.

२१ ऑक्टोबर, मंगळवार. लक्ष्मीपूजन.

दुपारपर्यंत पायऱ्या रिकाम्या. वरच्या पायरीवर तुळशी तेवढ्या, त्या तुळशीच्या लग्नाला जातील. सुकलेली पानं झाडली. एक बाई उशिरा आल्या, दारातली बारीक फुलांची कुंडी तरी द्या म्हणाल्या. दिली. अंकितानं उचलून त्यांच्या गाडीपर्यंत नेली.

नांदेडहून काही निरोप नाही. ओंकारचाही नाही.

अव्वांनी पूजेनंतर पेढा माझ्या हातावर ठेवला. मग अजून एक ठेवला. तोंड वाकडं करूनच. अंकितानं ते पाहिलं.

२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज.

उद्या सोनोग्राफी. शेखरनी टेम्पो धुतला, उगाचच, दोनदा. मी विचारलं नाही तरी म्हणाले, "काय निघंल ते निघंल. बघू." परत ‘बघू’वर आले.

मला पाहिजे. आज लिहून टाकते. सकाळी भाजी निवडताना कळलं. ठणठणीत निघावं, आणि मला पाहिजे. आणि पाहिजे म्हटल्यापासून हातपाय गार पडलेत.

अंकिता दारात येऊन म्हणाली, "उद्या मी येते. मला तसंही नांदेडला जायचंच हाय." थोडं थांबून, "पण मी अजून चिडलेली आहे."

२४ ऑक्टोबर, शुक्रवार. नांदेड, दवाखाना.

बाकावर बसून लिहितेय. वाट बघवत नाही. आज पदर डोक्यावरून घेतलेला नाही, समोरच्या दोन पोरी माझ्या पोटाकडं बघताहेत, मग अंकिताच्या पोटाकडं, पेशंट कोण ते त्यांना उमजेना. अंकिताला ते कळलं. ओठ घट्ट दाबून बसली. हसू दाबत होती की राग, मला ओळखता येईना.

मघाशी तिचा फोन वाजला. नाव मलाही दिसलं. ओंकार नाही. प्रीती.

अंकितानं माझ्याकडं पाहिलं. "वहिनी कशाला फोन करत्यात?" मी म्हटलं, उचल. ती उठून बाहेर व्हरांड्यात गेली.

अजून तिथंच आहे. काचेतून दिसतेय. आधी नुसती ऐकत होती, भिंतीला टेकून. आता बोलतेय. एकदा डोळे पुसले. एकदा माझ्याकडं वळून हात केला, थांब असा. काय थांब? आत जाऊ नको म्हणते का? की मी येते म्हणते?

शेखर चहा आणायला गेलेत, ते अजून आले नाहीत.

नर्सनं माझं नाव घेतलं. अंकिता अजून बाहेरच.

परत घेतलं नाव. उठते.